डिझाइनची टिपणे: बांधीव वही की साध्या मजकुराच्या फायली?

यंत्ररचनेचे काम करताना जी कच्ची टिपणे साठतात, त्यांचा कस ती लिहिताना नव्हे, तर दोन-तीन वर्षांनी शोधताना लागतो. माझ्या एका जुन्या वहीत ६२०४ या क्रमांकाच्या बेअरिंगच्या हाउसिंगचे (बेअरिंग ज्यात बसते त्या भागाचे) पेन्सिलचे रेखाटन आहे: बेअरिंगचा आतला व्यास २० मिलिमीटर, बाहेरचा ४७, रुंदी १४, आणि कडेला ‘पुलर लावायला जागा ठेवणे’ एवढीच सूचना (पुलर म्हणजे बेअरिंग ओढून काढायचे अवजार). असे रेखाटन हाताने अर्ध्या मिनिटात होते, संगणकावर तितक्या सहज होत नाही; येथे वही निर्विवाद सरस आहे. मात्र पानांना क्रमांक घालून पहिली चार पाने अनुक्रमणिकेसाठी राखली नाहीत आणि ती नियमाने भरली नाहीत (मी कित्येकदा भरलेली नाहीत), तर नोंद केवळ तारखेवरूनच सापडते, आणि तारीख कोणाच्या लक्षात राहते?

फायलींमध्ये ‘६२०४’ शोधले, की १९७० च्या दशकापासून युनिक्स या संगणक प्रणालीवर असलेली ग्रेप ही शोधाची आज्ञा सगळ्या प्रकल्पांतल्या ओळी क्षणात पुढे ठेवते. फायलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनाची जोड दिल्यास कोणता आकडा केव्हा बदलला हेही कळते. अडचण शब्दांची आहे. एकदा ‘बेअरिंग’ आणि एकदा ‘बेरिंग’ लिहिले, तर शोध अर्धवट राहतो. म्हणून भागाचा क्रमांक प्रत्येक टिपणात हवाच.

मी आता रेखाटन वहीतच करतो आणि फायलीत वहीचे पान, भागाचा क्रमांक व निर्णयामागचे कारण अशा तीन ओळी टाकतो.