ब्रश फॉन्ट झकास, पण त्यात ‘शेतकऱ्यांचा’ लिहून बघा

पिंपळगाव बसवंतच्या एका मेळाव्याचा फ्लेक्स होता. हेडिंग ‘द्राक्ष बागायतदार शेतकऱ्यांचा मेळावा’. ब्रशने रंगवल्यासारख्या अक्षरांचा हा विकतचा जाड फॉन्ट लावला, तर ‘ऱ्यां’च्या जागी टिंबवाला र, त्याच्या पायाशी लोंबणारा हलन्त आणि शेजारी सुटा पडलेला य! प्रूफ बघून पार्टीचा, म्हणजे गिऱ्हाइकाचा, लगेच फोन. तेव्हापासून फॉन्टवाल्यांशी माझं याच एका अक्षरावरून वाजतंय.

फॉन्ट दिसायला देखणा आहे, त्यात वाद नाही. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर शिरोरेषेचा वेगळा फटकारा, काना खाली येता येता कोरडा पडत गेलेला. जाड-बारीक बोरूच्या काटाप्रमाणे पडतं. इंग्रजी ब्रशवरून ओढलेल्या देवनागरीत ते हमखास उलटं होतं. नवीन फॉन्ट घेतला की मी आधी ‘त्र्यंबकेश्वर’ टाइप करतो. इथे ‘त्र्यं’ घट्ट बांधलंय, अनुस्वार शिरोरेषेत बुडत नाही. ‘सप्तशृंगी’तला शृ नीट, ल आणि श मराठी वळणाचे. नाशिकच्या शालिमारच्या गर्दीतही रस्त्यापलीकडून वाचता येतं.

मग अडलं कुठे, तर शेतकरी, कर्मचारी, व्यापारी यांचं अनेकवचन झालं की. आमच्याकडची निम्मी हेडिंगं तीच! सपोर्टला मेल केला, उत्तर आलं: ‘तुमच्या सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम असेल.’ त्याच कोरलमध्ये (डिझाइनचं सॉफ्टवेअर), त्याच फाइलमध्ये मुक्ता आणि बालू हे फुकटचे फॉन्ट ‘ऱ्यां’ बिनचूक दाखवतात. स्क्रीनशॉट पाठवले, तरी पुन्हा तेच उत्तर. पैसे मोजून घेतलेल्या फॉन्टला हे चालणार नाही. रफार देऊन वेळ मारून न्यावी, तर ‘आचाऱ्यांना’चं ‘आचार्यांना’ होतं, म्हणजे स्वयंपाक्याचा थेट गुरुजी.

डिझायनरला मराठी येत नसावं असं वाटत होतं. ते मत आता राहिलं नाही. फॉन्टमधले सगळे आकार दाखवणारं ग्लिफ पॅनेल उघडलं, तर ‘ऱ्या’तला तो आडवा अर्धा र तिथे काढलेला आहे, आणि फार सुरेख काढलाय. युनिकोडमध्ये तो दोन रीतींनी येतो: ऱ अधिक हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं, न दिसणारं चिन्ह). दुसऱ्या रीतीने टाइप केलं की इथे बरोबर उमटतो. म्हणजे पहिल्या रीतीचा नियम तेवढा फॉन्टमध्ये घालायचा राहिलाय. पण पार्टी मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवते, तो बहुतेक पहिल्या रीतीचा असतो. मग बसा एकेक ‘ऱ्या’ शोधून बदलत.

रेडियम कटिंगला, म्हणजे चिकट रंगीत शीटमधून अक्षरं कापायला, मात्र घेऊ नका. खरबरीत कडांना नोड (रेषेवरचे बिंदू) इतके, की नको असलेलं रेडियम सोलताना अक्षराच्या कडा सोबत निघतात. फ्लेक्सवर आउटलाइन द्यायची असेल तर आधी कर्व्ह करून (अक्षरांचे आकार बनवून) वेल्ड करा, म्हणजे एकमेकांत जोडा, नाहीतर शिरोरेषेत सांधे दिसतात.

मंदिरांची, उत्सवांची कामं याच फॉन्टमध्ये करतोय. दुसऱ्या कॉम्प्युटरसाठी वेगळं लायसन्स लागतं. ‘ऱ्या’चं अपडेट हातात पडेपर्यंत ते घेणार नाही, तसं त्यांना मेलमध्ये कळवलंय.