क्लिपची नर्सिंग ब्रा की क्रॉसओव्हर?

दिवसभर आधार हवा, तर क्लिपचीच घ्यावी. बाळाला पाजताना क्लिप काढून कप खाली सोडला तरी आतली पट्टी स्तन खालून आणि बाजूने धरून ठेवते. क्लिप एका हाताने उघडते का, हे दुकानातच पाहा; दुसऱ्या हातात बाळ असणार. आठव्या-नवव्या महिन्यात घेताना पट्टा सर्वांत सैल हुकावर नीट बसायला हवा, कारण बाळंतपणानंतर बरगड्यांचा घेर कमी होतो आणि आतले हुक तेव्हा कामी येतात. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जावीत, कपात दूध टिपणाऱ्या पॅडपुरती जागा राहावी. एकाच जागी काचणारी ब्रा दुधाची वाट दाबू शकते आणि स्तनात गाठ होऊ शकते, म्हणून कपाखाली तार नकोच.

क्रॉसओव्हरला, म्हणजे पुढे कापड एकावर एक तिरकं येणाऱ्या ब्राला, ना हुक ना क्लिप, नुसतं कापड बाजूला सारायचं. रात्री आणि दूध उतरल्यावर स्तन ताठरतात त्या दिवसांत तीच सुखाची. भारी स्तनांना मात्र ती तोलत नाही, आणि गरम पाण्याने इलॅस्टिक लवकर सैलावतं.

दिसायलाही छान हवी? जरूर! लेस वरच्या काठाला आणि खांदापट्टीवर असू द्या. स्तनाग्राला लागणारं अस्तर मऊ सुतीच हवं, ओली लेस घासते.