साधी दूध पावडर की तयार पोषण डबा? वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरातला अनुभव

वजन उतरत चाललेल्या आजी-आजोबांसाठी साय काढलेल्या दुधाची साधी पावडर आणि औषधांच्या दुकानातला तयार पोषण पावडरीचा डबा, दोन्ही काही महिने वापरून झाले. बहुतेकांना पहिली पुरते. डबा निम्मं ताट तसंच ठेवणाऱ्यांसाठी.

पावडर 200 मिलि दुधात दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण 15 ग्रॅम. प्रथिनं 5 ग्रॅमने वाढतात आणि कप तेवढाच राहतो. थोडं खाऊनच पोट भरणाऱ्यांसाठी हे महत्त्वाचं. उकळत्या दुधात थेट टाकली तर गुठळ्या होतात, त्या कवळीखाली अडकतात. आधी थोड्या कोमट पाण्यात सरसरीत कालवून घ्या. नाचणीची खीर, दलिया, मऊ भात यांत बेमालूम मिसळते; चिंच-कोकमाच्या आमटीत फाटते. पावसाळ्यात ओला चमचा डब्यात गेला की पावडरीचा दगड.

तिच्यात स्निग्धांश जवळजवळ नसतो. म्हणून भातावर चमचाभर तूप (5 ग्रॅम, 45 कॅलरी) हवंच, तेही भात गरम असताना. गार तूप टाळूला चिकटतं आणि पुढचा घास नको होतो.

तयार डबा महाग, गोड, आणि दोन आठवड्यांत नकोसा होतो. चव बदलत राहावी लागते. जेवणासोबत दिला तर जेवण राहतं, त्यामुळे दोन जेवणांच्या मधे द्या. गोळ्यांच्या फेरीत पाण्याऐवजी हेच कालवलेलं पेय 60 मिलि देण्याची युक्ती चांगली चालते, पण थायरॉईडची गोळी किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक त्यासोबत नको, औषध नीट शोषलं जात नाही. लवकर वजन वाढावं म्हणून मापापेक्षा घट्ट कालवलं की जुलाब ठरलेले.

फरक पडतोय का, हे दर आठवड्याला त्याच काट्यावर, सकाळी, लघवी करून आल्यावर बघा. महिन्यात 5 टक्के घट, म्हणजे 50 किलोच्या माणसाचे अडीच किलो, झाली तर डॉक्टरांना बोलवा. पायांवर सूज असेल तर काटा फसवतो. दंडाचा घेर मोजा. पावडर वाढवण्याआधी तोंडातले छाले, सैल कवळी, बद्धकोष्ठ आणि मेटफॉर्मिन (मधुमेहाचं), डिगॉक्सिन (हृदयाचं) यांसारखी भूक मारणारी औषधं तपासा. या कारणांवर कुठलाच डबा चालत नाही.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावं. पाणी पितानाही ठसका लागत असेल तर दोन्ही पावडरी बाजूला ठेवा, आधी गिळण्याची तपासणी करून घ्या.