सावंतवाडीतली भट्टी आणि तिच्या पुढचं हॉटेल, आठ महिन्यांनंतर

गेल्या जूनमध्ये माझी सावंतवाडीला बदली झाली. सामान खोक्यांत, गॅस जोडलेला नाही आणि बाहेर छत्रीला दाद न देणारा पाऊस. घरमालकीण काकींना विचारलं, सकाळचं खायला कुठे मिळेल? त्या म्हणाल्या, "बाजाराच्या वाटेन जा. पावाचो वास येतलो थंय थांब." तशी गेले, वास आला तिथे थांबले, आणि तेव्हापासून आठवड्यातले निदान चार दिवस मी तिथे जाते.

जागेचं नाव इथे मुद्दाम देत नाही. लिहिणार आहे म्हटल्यावर गल्ल्यावरच्या काकींनीच सांगितलं, "नाव घालू नको हां, भट्टी एकच आसा." गर्दी वाढली तर रोजच्या गिऱ्हाइकांना पाव पुरणार नाही, ही त्यांची काळजी खरी आहे. सकाळी साडेआठनंतर उंडे उरत नाहीत, हे मी स्वतः कितीतरी वेळा पाहिलंय. गावात विचारलंत तर कोणीही दाखवेल.

पुढे सहा टेबलांचं हॉटेल, डाव्या हाताला काचेच्या बरण्यांचं बेकरीचं काउंटर आणि मागे लाकडाची भट्टी. ही मागची भट्टी समजली की या जागेचं सगळं समजतं, म्हणून आधी तिच्याबद्दल.

भट्टी म्हणजे विटांची, आतून घुमटासारखी कोठी. आत लाकडं पेटवून ती तापवतात, निखारे बाजूला ओढतात, तळ ओल्या गोणपाटाने पुसून घेतात आणि लांब दांड्याच्या लाकडी फळीवरून पाव आत सरकवतात. विस्तव काढला तरी विटांनी धरलेली धग तासन्‌तास टिकते आणि हळूहळू उतरत जाते. माल त्याच उतरणीने भाजला जातो. कडक धगीत पाव, ती जरा निवली की बिस्किटं नि नानकटाई, आणि शेवटच्या उबेत कापलेले टोस्ट रात्रभर वाळत पडतात. इथला टोस्ट दाताखाली काचेसारखा तुटतो तो त्यामुळे. हा क्रम कळल्यावर मी काय खायचं त्यापेक्षा कधी जायचं ते आधी ठरवायला लागले.

सकाळी पावणेसात ते आठ ही खरी वेळ. तेव्हा दोन प्रकारचे पाव गरम असतात, मऊ लादी पाव आणि कडक सालीचा उंडा. गोव्याची हद्द इथून जवळ, बांद्याच्या पलीकडे लगेच लागते, त्यामुळे उंडा इथे पाहुणा नाही. पाव हा शब्दच मुळात पोर्तुगीजांकडून आलेला. पूर्वी गोव्यात पावाचं पीठ माडाच्या सुरेने फुगवत. इथे आता यीस्टच वापरतात, पण पीठ आदल्या संध्याकाळी मळून रात्रभर ठेवतात आणि चवीत ते जाणवतं.

सोबत पांढऱ्या वाटाण्याची उसळ, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप घातलेली, पातळ. मी सांगलीची. आमच्याकडच्या झणझणीत कटाची सवय असल्याने पहिल्या दिवशी ही उसळ मला फिकी वाटली. आठवडाभरात मत बदललं. खोबऱ्याचा गोडवा, मागून येणारी मिरीची ऊब आणि त्यात बुडवलेली उंड्याची साल. मऊ पाव या रश्शात लगेच विरघळतो, उंडा टिकतो. म्हणून माझा सल्ला असा, उसळीला उंडा घ्या आणि सुक्या बटाट्याच्या भाजीला लादी पाव. दोन्ही भाज्या एकाच बशीत हव्या असतील तर "मिक्स" म्हणायचं. उसळ-पाव 40 रुपये, जादा पावाला 5 रुपये. रस्सा पुन्हा मागितला तर कपाळावर आठी न आणता वाढतात, हे मला महत्त्वाचं वाटतं.

चहा माझ्या मते फार गोड. "साखर कमी" आधी सांगावं लागतं, आणि सांगूनही दोनातून एकदाच कमी येते.

पावसाळ्यातला अनुभव वेगळा लिहायला हवा. जुलैत एकदा सलग दीड दिवस वीज नव्हती. गावातल्या बऱ्याच ठिकाणी खाणं मिळेना. इथे भट्टी लाकडाची आणि कणीक हाताने मळलेली, त्यामुळे पाव रोजच्या वेळेला तयार. बॅटरीच्या दिव्यात आम्ही दहा-बारा जण उसळ खात बसलो होतो, एकमेकांना ओळखत नसूनही पावसाबद्दल बोलत होतो. नव्या गावात मला पहिल्यांदा बरं वाटलं ते त्या सकाळी. मात्र या दिवसांत खारी घेऊन घरी उघडी ठेवू नका, तासाभरात मऊ पडते. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि मऊ पडलीच तर कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन मिनिटं गरम करून गार होऊ द्या, पुन्हा कुरकुरीत होते. उरलेला पाव फ्रिजमध्येही ठेवू नका. थंडाव्याने तो बाहेरपेक्षा लवकर शिळा आणि कोरडा होतो. जास्तच घेतला असेल तर बर्फाच्या कप्प्यात ठेवावा, तो चालतो.

दुपारचं जेवण चांगलं आहे, पण दिवस पाहून जावं. जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, तेव्हा ताटात सुका बांगडा नाहीतर सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर (खोबरं घातलेली कोरडी कोशिंबीर) येते. कोणी नाक मुरडत असेल तर मुरडो, मला ती किसमूर उकड्या तांदळाच्या भाताबरोबर ताज्या माशाइतकीच आवडली. ऑगस्टनंतर बांगडे, पेडवे, कधी सौंदाळे. तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिकलं त्यांना उत्तम जमतं. शाकाहारी असाल तर सोमवारी जा. इथे बरीच माणसं सोमवारी मासे खात नाहीत, त्यामुळे त्या दिवशी काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळी मन लावून केलेली असते. इतर दिवशीचं शाकाहारी ताट कामचलाऊ. सोलकढी रोज ताजी, आमसुलांची, रंग टाकून लाल केलेली नाही.

भिंतीवर दुसरा एक फळा आहे, त्यावर मंचुरियन, नूडल्स, पनीरच्या भाज्या लिहिलेल्या आहेत. तो फळा वाचू नका. दोनदा खाऊन पाहिलं, दोन्ही वेळा तेल आणि सॉस.

आणखी तक्रारी आहेत. ऑक्टोबरच्या उकाड्यात चार-पाच दिवस पाव आंबूस लागत होता. उष्म्याने पीठ जास्त फुगलं होतं. मी सांगितलं तेव्हा भट्टीवरच्या काकांनी वाद घातला नाही, पीठ उशिरा मळायला सुरुवात केली आणि त्रास थांबला. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या निरोपासाठी क्रीमचा केक सांगितला होता, तो मात्र वाईट निघाला. क्रीम तुपकट, नावाचं एक अक्षर चुकलेलं. पैसे त्यांनी परत दिले, पण समारंभ तर होऊन गेला होता. क्रीमचे केक हे त्यांचं काम नाही. मावा केक आणि डिसेंबरातला मनुका-काजूचा काळसर केक हे त्यांचं काम आहे, आणि तो नाताळचा केक मी सांगलीला तीन वेळा पाठवला.

सगळ्यात जास्त लक्षात राहिली ती दिवाळी. माझ्या लहानपणी आई घरून साहित्य घेऊन बेकरीत नानकटाई भाजून आणायची. ते बंद होऊन वर्षं झाली, बेकरीवाले आता घ्यायला तयार नसतात. इथे अजून घेतात. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात दुपारी दोन ते पाच, किलोमागे ठरलेली मजुरी. बायका पत्र्याचे डबे घेऊन ओळीत बसलेल्या, प्रत्येक डब्यावर नावाची चिठ्ठी. मी आईला फोन करून माप विचारलं: अर्धा किलो मैदा, मूठभर रवा आणि बेसन, पाव किलो पिठीसाखर, पाव किलोहून थोडं जास्त तूप, वेलची. भट्टीवरच्या काकांनी माझा गोळा बोटांनी दाबून पाहिला आणि म्हणाले, "तूप कमी आसा, फुटतली." शेजारच्या आजींनी न विचारता स्वतःच्या वाटीतलं दोन चमचे तूप माझ्या परातीत घातलं. नानकटाया वळायला त्याच मदतीला आल्या. भाजून आलेला पत्रा समोर ठेवला तेव्हा भेगा अगदी हव्या तशा पडलेल्या, मधोमध, फुलासारख्या. पहिली आजींना दिली. डबा घेऊन मी मोती तलावाच्या कठड्यावर बराच वेळ बसून राहिले आणि आईला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "तळ दाखव." तळ पाहिला तिने, तांबूस होता, मग बोलली.

जाण्याआधी एवढं माहीत असू द्या. नेटवर्क पडलं की फोनवरून पैसे जात नाहीत, सुटे जवळ ठेवा. गणपतीत पाच दिवस बंद असतं. दोन टेबलांना पंख्याचा वारा लागत नाही, भिंतीकडची आहेत ती. संध्याकाळी चारला लादी पावाचा दुसरा घाणा निघतो, पण उंडे फक्त सकाळी. रेल्वेचं सावंतवाडी रोड स्टेशन गावापासून लांब आहे, गाडीला निघताना पाव घ्यायचे तर हाताशी तासभर ठेवा आणि गरम पाव प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, घाम येऊन चिकट होतात. ते कागदात बांधून देतात, तसेच राहू द्या.

आता फेब्रुवारी संपत आलाय आणि ओले काजू बाजारात आलेत. त्यांची उसळ फळ्यावर लिहिलेली नसते, आदल्या दिवशी सांगून ठेवावी लागते, कारण काजू सोलताना चिकाने हात भाजतात आणि काकी मोजकेच सोलतात. या रविवारी आई पहिल्यांदा सावंतवाडीला येतेय. काल सांगून आले: दोन जणींसाठी काजूची उसळ, सकाळी साडेसातला, आणि सहा उंडे.