फर्मेंटरचा वायू: मिथेनॉल करावं की कार्बोनेट?

मळी आंबत असताना फर्मेंटरच्या, म्हणजे आंबवण्याच्या टाकीच्या, झाकणाजवळ उभं राहिलं, तरी नाकात झणका बसतो. सोड्याची बाटली फोडल्यावर बसतो तसाच, पण कितीतरी जोरात. हा जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड. १८० किलो ग्लुकोजमधून ९२ किलो अल्कोहोल निघतं आणि ८८ किलो वायू. आपण जेवढं अल्कोहोल विकतो, जवळपास तेवढ्याच वजनाचा माल हवेत सोडतो. रोज ६० हजार लिटरची डिस्टिलरी धरली, तर दिवसाला सुमारे ४५ टन. औष्णिक वीजकेंद्राच्या धुरातून तो वेगळा काढायला जो खर्च येतो, तो इथे नाहीच.

म्हणून कारखान्यांच्या संचालकांपुढे आता दोन वाटा ठेवल्या जातात: या वायूपासून मिथेनॉल (इंधन आणि रसायन म्हणून वापरलं जाणारं अल्कोहोल) किंवा कार्बोनेट (बॅटरी आणि प्लॅस्टिकसाठी लागणारं रसायन) बनवणं. दोन्हींत उत्प्रेरक लागतो. पण उत्प्रेरक फक्त वाट सोपी करतो, ऊर्जा देत नाही. कार्बन डायऑक्साइड म्हणजे जळून राख झालेला कार्बन. त्याला पुन्हा कामाला लावायचं, तर सोबत ऊर्जा बाळगणारा जोडीदार हवा. तो कुठून आणि काय भावाने येणार, यावरच दोन्ही प्रस्ताव तोलावेत असं माझं मत आहे.

मिथेनॉलचा जोडीदार हायड्रोजन. तांबे, झिंक ऑक्साइड आणि ॲल्युमिना यांचा उत्प्रेरक, अडीचशे अंशांच्या आसपास तापमान आणि ५० बार किंवा त्याहून जास्त दाब. हे तंत्र जुनं आणि भरवशाचं आहे. अडतं ते हिशोबात. ४५ टन वायूला सहा टनांहून थोडा जास्त हायड्रोजन लागतो. पाण्याचं विघटन करून तो मिळवायचा, तर किलोला विजेची पन्नासच्या वर युनिट, म्हणजे दिवसाला सव्वातीन लाखांच्या घरात. हे म्हणजे १३ मेगावॅटचा अखंड भार, हंगाम संपून बगॅस (ज्यावर कारखाना वीज करतो तो उसाचा चोथा) संपला तरी. हातात येणार ३३ टन मिथेनॉल. सहा रुपये युनिट धरलं, तर नुसत्या विजेचेच किलोला ५८ रुपये होतात. नैसर्गिक वायूपासून बनलेलं आयात मिथेनॉल याच्या साधारण निम्म्यात पडतं.

पर्यावरणाचा हिशोब तर याहून वाईट. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. ग्रिडवर हा प्रकल्प चालवला, तर ४५ टन गिळायचे आणि सव्वादोनशे टन ओकायचे! शिवाय विघटनाला रोज किमान ५५ हजार लिटर शुद्ध पाणी लागतं. दुष्काळी तालुक्यात हा आकडा आधी विचारावा.

मग जगात हे प्रकल्प चालले कसे? आइसलँडमध्ये स्वार्टसेंगीला २०१२ मध्ये प्रकल्प उभा राहिला आणि पुढे त्याची क्षमता वर्षाला ४,००० टन झाली, तो भूऔष्णिक केंद्राचा वायू आणि देशातली स्वच्छ वीज यांच्या बळावर. चीनमध्ये आन्यांगला २०२२ साली १ लाख १० हजार टनांचा झाला. तिथला हायड्रोजन कोकभट्टीच्या वायूतून येतो. दोघांकडे जोडीदार घरचाच होता.

कार्बोनेटचा जोडीदार इपॉक्साइड, म्हणजे इथिलीन ऑक्साइडसारखं रसायन. त्याच्या रेणूतलं तीन अणूंचं कडं ताणलेल्या धनुष्यासारखं असतं, ऊर्जा आतच भरलेली. त्यामुळे हायड्रोजन लागत नाही. चतुष्क अमोनियम ब्रोमाइडसारखा साधा क्षार, सोबत जस्ताचं संयुग, आणि दाब-तापमान दोन्ही मिथेनॉलपेक्षा बरेच कमी. प्रयोगशाळेतल्या लहान ऑटोक्लेव्हचा (दाब सोसणाऱ्या बंद भांड्याचा) काटा मी तासन्‌तास पाहिला आहे: १० बारवरून हळूहळू खाली येतो, आणि वायू द्रवात जिरतोय हे डोळ्यांना दिसतं. उपपदार्थ जवळपास शून्य. इथिलीन ऑक्साइडपासून होणाऱ्या इथिलीन कार्बोनेटच्या वजनाचा निम्मा भाग थेट आपल्या वायूचा असतो, आणि ते लिथियम-आयन बॅटरीच्या इलेक्ट्रोलाइटमध्ये, म्हणजे आतल्या द्रवात, जातं. तैवानमध्ये २००२ पासून याच मार्गाने, फॉस्जीन हा विषारी वायू न वापरता, पॉलिकार्बोनेट हे प्लॅस्टिक बनतं. भोपाळच्या कारखान्यात गळती झालेलं मिथाइल आयसोसायनेट याच फॉस्जीनपासून बनत होतं. ते टाळणारी कोणतीही प्रक्रिया मला मनापासून जवळची वाटते.

अडचण इपॉक्साइडचीच. ४५ टन वायूला इथिलीन ऑक्साइडही ४५ टन लागेल. ते विषारी आणि स्फोटक, ऊसपट्ट्यातल्या रस्त्यावरून रोज टँकरने आणायची वस्तू नव्हे. उत्तराखंडमध्ये काशीपूरला इथेनॉलपासून इथिलीन ऑक्साइड बनतं. अशा ठिकाणी कार्बोनेट केलं, तर सगळा कार्बन उसाचाच राहतो. बॅटरीच्या दर्जाला मात्र पाण्याचा अंशही चालत नाही, आणि शुद्धीकरणाचा खर्च तिथे वाढतो.

एकट्या, रसायन वसाहतीपासून लांब असलेल्या डिस्टिलरीने आज दोन्ही करू नयेत. वायू धुवून, दाबून द्रवरूपात शीतपेयवाल्यांना आणि वेल्डिंगवाल्यांना विकावा. हा माल पुन्हा हवेतच जातो हे खरं, पण भांडवल थोडं लागतं आणि शुद्धीकरणाची यंत्रणा हाताखाली येते. इथिलीन ऑक्साइडची पाइपलाइन शेजारी असेल, तर कार्बोनेट. वर्षभर स्वतःची स्वस्त सौर-पवन वीज आणि पाणी असेल, तरच मिथेनॉल.

कोणत्याही सल्लागाराला भेटण्याआधी फर्मेंटरच्या वायूतलं गंधक मोजून घ्या, तेही हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी असं दोनदा. शीतपेयवाला पहिल्यांदा तेच विचारतो, आणि तांब्याचा उत्प्रेरकही त्यानेच मरतो.