भंगारातला प्राणी: जुनी अवजारं की गॅरेजचा माल?

भंगाराचे तुकडे वेल्डिंगने जोडून पक्ष्याचं शिल्प करायचं असेल तर मी डोळे झाकून जुनी अवजारं घेईन. विळ्याच्या पात्याला मुळातच बगळ्याच्या मानेचा बाक असतो. पकडीचा जबडा जरासा उघडला की चोच तयार. पिकासोने १९४२ साली सायकलची सीट आणि हँडल एवढ्यावरच बैलाचं डोकं उभं केलं!

गॅरेजच्या मालाचं तसं नाही. चेन, बेअरिंग, नट यांतून आकार आपल्यालाच घडवावा लागतो, वेळही खूप जातो. पण घोरपडीची खरखरीत पाठ चेनशिवाय जमत नाही.

वेल्डिंगला दोन्हीकडे जपा. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तुकडा तडकतो. जस्ताचा मुलामा असलेल्या नटांचा पांढरा धूर छातीत गेला तर रात्री हुडहुडी भरून ताप येतो. असले नट वेगळेच काढून ठेवा.