माल लुधियानाला, दावा कोल्हापुरात?

समजा, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका छोट्या फाउंड्रीनं लुधियानाच्या कंपनीला कास्टिंग पाठवलं. बिल १८ लाखांचं. चार महिन्यांनी पैशांऐवजी ७ लाखांची डेबिट नोट, म्हणजे बिलातून रक्कम कापल्याचा कागद, आली: ब्लोहोल (कास्टिंगमधल्या हवेच्या पोकळ्या) निघाले, मशिनिंग वाया गेलं, आधी हा हिशेब मिटवा. उरलेले ११ लाखही त्याच नावाखाली अडकले. फोन केला की 'देखते हैं जी'. आता भांडायचं कुठे, घरी की पंजाबात?

दोन वाटा आधीच बाजूला काढू. दिवाळखोरी कायद्याची धमकी देणारे सल्लागार पुष्कळ भेटतात. पण तिथे किमान थकबाकी १ कोटीची लागते, अर्ज समोरच्या कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या ज्या खंडपीठाकडे येतं तिथेच करावा लागतो, आणि नोटिशीच्या आधीपासून खराखुरा वाद असेल तर अर्ज टिकत नाही. डेबिट नोट हाच तो वाद. विषय संपला.

दुसरी वाट चेकची. चेक हातात असेल आणि बाउन्स झाला असेल, तर २०१५ च्या दुरुस्तीनंतर तक्रार आपलं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात होते, म्हणजे कोल्हापुरात. त्याआधी, २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या एका निकालामुळे, चेक देणाऱ्याच्या बँकेच्या गावी धावावं लागत होतं. चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, मग समोरच्याला १५ दिवस, मग एका महिन्यात तक्रार. या तारखा चुकवू नका. पण आजकाल चेक देतो कोण? सगळं आरटीजीएसवर चालतं.

राहिली खरी तुलना: कोल्हापूरचं कोर्ट, लुधियानाचं कोर्ट आणि थकलेल्या पैशांचे वाद सोडवणारी सूक्ष्म-लघु उद्योगांची सुविधा परिषद.

कोर्टाचं आधी बघू. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २० प्रमाणे दावा दोन ठिकाणी लावता येतो: प्रतिवादी जिथे धंदा करतो तिथे, किंवा दाव्याचं कारण पूर्ण वा अंशतः जिथे घडलं तिथे. 'अंशतः' हा शब्द आपल्या कामाचा. ऑर्डर कोल्हापुरात स्वीकारली, माल शिरोलीच्या गेटवर ट्रान्सपोर्टला दिला, पैसे कोल्हापूरच्या खात्यात यायचे होते, एवढं कागदावर दाखवता आलं तर इथे दावा लावायला जागा आहे. लुधियानाचं कोर्ट तर उघडंच आहे.

मग इनव्हॉइसच्या तळाशी छापलेलं 'सब्जेक्ट टू कोल्हापूर ज्युरिस्डिक्शन', म्हणजे वाद कोल्हापूरच्या कोर्टात, हे कशाला? आपल्याकडे ते छापखानाच टाकतो, वाचत कुणी नाही. १९८९ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे अगदी असाच वाद गेला होता: विकणारा गुजरातचा, घेणारा तामिळनाडूतल्या सेलमचा, अट 'कैरा ज्युरिस्डिक्शन'ची, म्हणजे गुजरातमधल्या खेड्याच्या (खेडा जिल्ह्याच्या) कोर्टाची. त्या शब्दरचनेनं सेलमच्या कोर्टाचा दरवाजा बंद होत नाही, असं ठरलं. २०१३ च्या निकालात कोर्ट थोडं सरकलं: 'फक्त' हा शब्द नसला तरी एकाच ठिकाणचा हेतू दिसत असेल तर बाकीची ठिकाणं बाद होऊ शकतात. मात्र मुळात ज्या कोर्टाला अधिकारच नाही, त्याला तो कराराने देता येत नाही.

खरी गोम पर्चेस ऑर्डरमध्ये असते. लुधियानाच्या ऑर्डरवर 'लुधियाना कोर्ट ओन्ली' असेल आणि तुम्ही काही न बोलता माल पाठवला असेल, तर अट तुम्ही मान्य केलीत असं त्यांचा वकील म्हणणारच. ऑर्डरनंतर निघालेल्या बिलावरची ओळ त्यापुढे दुबळी पडते. अशा वेळी हट्टानं कोल्हापुरात दावा लावला तर वर्षभरानं तो 'योग्य कोर्टात दाखल करा' म्हणून परत मिळायचा, आणि लुधियानात पहिल्यापासून सुरुवात.

शिवाय ३ लाखांवरचा व्यापारी वाद व्यावसायिक न्यायालयात जातो. तातडीचा मनाई हुकूम वगैरे मागायचा नसेल तर आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थी सक्तीची आहे. ती टाळली तर दावा फेटाळला जातो, हे २०२२ मध्ये पक्कं झालं. ही मध्यस्थी मी वेळकाढूपणा मानत नाही. ७ लाखांचा वाद ३ लाखांवर तुटला तर तोही फायदाच.

आता परिषद. फाउंड्रीकडे उद्यम नोंदणी (केंद्र सरकारची लघु उद्योगांसाठीची नोंदणी) असेल आणि ती सूक्ष्म किंवा लघु गटात बसत असेल, तर माझं मत सरळ आहे: आधी इथे जा. २००६ च्या एमएसएमई कायद्याचं कलम १८ सांगतं की पुरवठादार जिथला, तिथली परिषद प्रकरण चालवते. खरेदीदार देशात कुठेही असो. लेखी करार असला तरी पैसे ४५ दिवसांत द्यायला हवेत, करार नसेल तर १५. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. निवाड्याला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. हे कोर्टातल्या अपिलात आपोआप होत नाही.

अडचणी आहेतच. ब्लोहोलचा मुद्दा तिथेही निघेल, कारण खरेदीदाराला प्रतिदावा करता येतो. तपासणी अहवाल आणि गेटपास जपून ठेवा. निकालासाठी कायद्यात दिलेले ९० दिवस कागदावरचे आहेत. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला ही सोय नाही, त्यांची उद्यम नोंदणी बँक कर्जाच्या प्राधान्यापुरतीच. आणि नोंदणी ऑर्डरच्या आधीची हवी, असं २०२२ च्या निकालात म्हटलं आहे. तो मुद्दा पुढे मोठ्या पीठाकडे गेला, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

वसुलीत आणखी एक फरक पडतो. कोल्हापूरच्या कोर्टाचा हुकूमनामा लुधियानात बजावायचा तर आधी तिकडच्या कोर्टाकडे वर्ग करून घ्यावा लागतो. परिषदेत लवाद होऊन निवाडा आला असेल तर तो थेट लुधियानात अंमलबजावणीला लावता येतो. २०१८ च्या निकालानं हे मोकळं केलं. कंपनीचं खातं आणि मशिनरी तिकडेच असताना ही पायरी वाचणं लहान गोष्ट नाही.

म्हणून लुधियानाचं कोर्ट मी कधी निवडीन? पर्चेस ऑर्डरची अट पक्की असेल, तुम्ही व्यापारी असाल किंवा मध्यम गटात गेला असाल, आणि मालमत्तेवर लगेच टाच आणायची निकड असेल तेव्हा. बाकी वेळी तारखेगणिक प्रवास आणि तिकडच्या वकिलाची फी ११ लाखांना कुरतडत जाते.

जागा कुठलीही ठरवा, मुदत साधारण ३ वर्षांची. ती संपायच्या आत त्यांच्या अकाउंट्सकडून लेजर कन्फर्मेशन, म्हणजे खात्यातली बाकी मान्य असल्याचा कागद, मागवा, सही-शिक्क्यासह. ७ लाख वजा करून ११ लाख बाकी दाखवलेला कागद त्यांनी सही करून दिला, तर तेवढ्या रकमेसाठी ३ वर्षं त्या तारखेपासून पुन्हा मोजली जातात.